बारा तक्ते आणि आबांचा कोट

आमच्या गावात कोट एकच होता, आणि तो गावातल्या प्रत्येक पुरुषाला बसायचा. कसा बसायचा ते विचारू नका. पैलवानाच्या अंगावर तो बंडीएवढा व्हायचा, आणि काटकुळा नवरदेव त्यात असा बुडून जायचा की मंगलाष्टकं सुरू करण्यापूर्वी भटजी आत वाकून 'आहात ना?' म्हणून विचारून घ्यायचे. पण बसायचा.

कोट आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर हवालदार. तिकडच्या कुणा शिंप्याकडून त्यांनी हा काळाभोर, लोकरीचा, पितळी बटणांचा कोट शिवून आणला होता. आबांच्या सांगण्याप्रमाणे या कोटाने दोन गोळ्या अडवल्या होत्या. दरवर्षी त्यांत एका गोळीची भर पडायची. मी मॅट्रिकला बसलो तोवर गोळ्या सात झाल्या होत्या, आणि कोटाला भोक मात्र एकही नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तर आबा शांतपणे म्हणाले, "लोकर जित्ती असती, लेका. भरून येती."

आमचं गाव कृष्णेच्या काठी, सातारा आणि सांगलीच्या मधोमध. सातारकर आम्हाला सांगलीचे समजायचे आणि सांगलीकर साताऱ्याचे, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना आमच्यावर हसायची मुभा होती. मी साताऱ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. तिथे पाच वर्षं मी पोरांकडून पेरू आणि तांब्या काढून घेतला. शाळेत तांब्या एकच, आणि पेरू दर सोमवारी नवा, कारण रविवारी तो कोण खायचं हे शाळेला ठाऊक होतं. शेवटी एके दिवशी मी राजीनामा दिला. हेडमास्तर ही गोष्ट वेगळी सांगायचे, पण ते आता नाहीत आणि मी आहे.

सांगलीला एका शिळाछाप छापखान्याचे मालक शाळांसाठी तक्ते काढायच्या खटपटीत होते. दुसऱ्या लढाईचे दिवस, बाहेरचे तक्ते यायचे बंद झालेले. जे जुने भिंतींवर होते त्यांतला शेतकरी गोरापान, गाल लालबुंद, खुरपं असं धरलेलं की जणू हळदीकुंकवाला निघाला आहे. मालक तपकिरीची चिमूट नाकाशी धरून म्हणाले, "अहो चित्रकार, मला आपली माणसं हवीत. बारा तक्ते, बारा धंदे. पोराने भिंतीकडे बघितलं की त्याला वाटलं पाहिजे, हा तर आमच्या आळीतला! शाळाखात्याचे तपासनीस संक्रांतीच्या आधी येतील. त्यांनी पास केले तर तुम्ही इथे कायमचे."

"आणि नापास केले तर?"

मालकांनी तपकीर ओढली आणि इतक्या जोरात शिंकले की मी समजायचं ते समजलो.

घरी आबांची अट याहून साधी होती. "संक्रांतीनंतर आपल्या उसाची गुऱ्हाळाची पाळी हाय," ते म्हणाले. "तवर तुजी चित्रं पास झाली तर सांगलीला जा. न्हाई झाली तर चुलवणापुढं बस आन् चिपाडं सार. पुना कागुद-पेन्सिल न्हाई." चुलवण म्हणजे काहिलीखालची भट्टी. तिच्यापुढे महिनाभर बसलेला माणूस भुवयांशिवाय उठतो. मला माझ्या भुवया फार प्रिय होत्या.

दिवाळी झाली आणि मी घराच्या पुढच्या सोप्यात दुकान मांडलं. कागद ताणला, रंग घोटले, आणि पहिल्या दिवशी कुंभाराला बोलावलं. चिखलाने भरलेले हात, उघडी पाठ, फिरतं चाक असं सगळं मनात काढून मी तयार बसलो होतो. कुंभार आला तो आबांचा कोट घालून. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला लग्नातला पटका, डोळ्यांत सुरमा. चाक आणलंच नव्हतं.

"दादा, हे काय?" मी म्हणालो. "कोट काढा. मडकी घडवताना दाखवायचंय तुम्हाला."

"मडकी माजी मी रोजच घडवतुय," कुंभार म्हणाला. "हे चितार साळंत लागणार ना? माज्या सुनंच्या म्हायारची साळा हाय. तितं मी उगडाबंब, चिखुलमातीत बरबटून भिताडावर बसू व्हय? येवाई काय म्हनंल?"

"अहो, कुंभार म्हणून ओळखलं पाहिजे ना पोरांनी!"

"खाली लिवा की. तुमी मास्तर न्हवं?"

मी हात टेकले. शेवटी त्याच्या मांडीवर एक मडकं ठेवायला तो कबूल झाला, तेही नवं, चुना लावलेलं. काढलेलं चित्र असं दिसत होतं की नवरदेव सासऱ्याने दिलेला आहेर मांडीवर घेऊन बसला आहे.

मला वाटलं, एक म्हातारा हौशी निघाला, चालायचंच. दुसऱ्या दिवशी लोहार आला. तोच कोट. तिसऱ्या दिवशी चांभार. तोच कोट. मग न्हावी, मग टपालवाला. टपालवाल्याला तर सरकारने खाकी कपडे दिले होते, ते त्याने घडी करून पिशवीत आणले होते आणि अंगात कोट. सहाव्या दिवशी सुईण आली. गावातलं प्रत्येक पोर, मीसुद्धा, तिच्याच हातावर जन्मलेलं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मावशीने नऊवारी लुगड्यावर कोट चढवला होता आणि पितळी बटणांच्या वर नथ लखलखत होती.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"का रं? आमाला थंडी वाजत न्हाई?"

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत झाली, ती सांगतो. आमच्या गावात काहींना पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, आणि पाय ठेवू न देणारेही आमच्याच गावात होते. ती सगळी माणसं आठवड्याभरात एकाच कोटातून जाऊन आली आणि कुणी त्यावर गोमूत्राचा थेंब शिंपडला नाही. मला आश्चर्य वाटलं. आबांना म्हणालो, तर म्हणाले, "पलटणीच्या कापडाला जात नसती. नंबर असतुय."

बरं, कोट काळा. लढाईमुळे रंग मिळेनासे झालेले, आणि माझी काळ्याची बाटली तीन कोटांतच आटली. मग आईने एरंडेलाचा दिवा लावून त्यावर ताट पालथं घालून काजळ धरलं, ते मी डिंकात खललं. चौथ्या कोटापासून पुढचे सगळे कोट घरच्या काजळाचे आहेत. इतकं काजळ लागलं की त्या महिन्यात गावात एकाही तान्ह्याला तीट लागली नाही, असं मी सांगतो. आई म्हणायची, दोघांनाच लागली नाही. पण आईला गोष्ट सांगता यायची नाही.

सहा चित्रं गुंडाळून मी सांगलीला गेलो. मालकांनी ती टेबलावर ओळीने मांडली. एकदा डावीकडून बघितली, एकदा उजवीकडून. मग चष्मा काढून पुसला.

"चित्रकार," ते म्हणाले, "ही सहा भावंडं का?"

"नाही हो. हा कुंभार, हा लोहार..."

"आणि हा कोट यांना वाटणीत आलाय?"

मी गुंडाळीची सुतळी बोटाला गुंडाळायला लागलो.

"पोरं काय शिकणार यावरून? गावात सहा जण राहतात आणि सहाही जण लग्नाला निघालेत? अहो, मी तुमच्याकडे बारा माणसं मागितली. तुम्ही मला एक कोट बारा वेळा काढून देणार!" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तपासनीस महिन्याभरात येतायत. सहाच्या सहा पुन्हा करा. आणि उरलेले सहा. नाहीतर मी जुना गोरा शेतकरीच छापतो."

परतीच्या गाडीत मला सारखा गुळाचा वास येत होता. गाडीत गूळ नव्हता. मी मनाने चुलवणापुढे जाऊन बसलो होतो. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. कोट कुणाचा? आबांचा. कोट पेटीतून बाहेर काढायचा म्हणजे किल्ली कुणाच्या कमरेला? आबांच्या. लग्नालासुद्धा दोनदा विचारून, तीनदा बजावून देणारे आबा, सहा दिवस रोज एकाला कोट देतात? आबांना मी सांगलीला जायला नको होतो. त्यांना चुलवणापुढे माणूस हवा होता. माझ्या बापाने माझी चित्रं कोटात गुंडाळून बुडवली होती!

स्टेशनपासून गाव चार मैल. तेवढ्या वाटेत माझा राग एवढा वाढला की गावात शिरलो तेव्हा कुत्री बाजूला झाली. पारावर सगळे बसलेच होते, कुंभार, लोहार, न्हावी, आणि खाली भाजीची पाटी घेऊन मावशी. मी तिथेच फुटलो.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला बुडवलंत! आणि कोट दिला कुणी? आबांनी! त्यांना माझं चित्र काढणं नकोच आहे. त्यांनी मुद्दाम केलं हे!"

न्हाव्याने उगाच वस्तरा काढून पाहिला. मग मावशी उठली. तिने पाटी खाली ठेवली आणि मला एक शिवी दिली. ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण ती जन्माच्या वेळी माझे पाय धरून उलटं लटकवणाऱ्या बाईची होती, तेव्हा तिला ती शोभली.

"मुडद्या," ती म्हणाली, हा शिवीतला सभ्य भाग, "तुजा बाप धा दीस दारोदार फिरला. खांद्यावर कोट टाकून. माज्या दारात आला नि म्हनला, बाई, माज्या पोराचं काम हाय. सांगलीला जायाचं हाय. फाटक्या लुगड्यावर बसू नगंस, लोकं म्हनतील मास्तराला चांगली मानसं गावली न्हाईत. ह्यो घाल आन् नीट बस."

"माज्याकडं तर बटनं घासून आनला हुता," लोहार म्हणाला. "चिंचंनं."

"रोज रातच्याला निखाऱ्याचा तांब्या फिरवून इस्त्री करायचा," न्हावी म्हणाला. "मला म्हनला, हलायचं न्हाई. पोरगं नवीन हाय, घाबरतंय."

मी पारावर बसलो. मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही, आणि मला लिहिता येत नाही असं फार थोडं आहे. पन्नास वेळा 'कागुद-पेन्सिल न्हाई' म्हणणारा माझा बाप माझ्यासाठी चिंचेने बटणं घासत होता. आणि त्यापायीच मी नापास होणार होतो.

"पण आता काय करायचं?" मी म्हणालो. "कोट असला तर तपासनीस पास करणार नाहीत. आणि कोट काढा म्हटलं तर..."

"काडनार न्हाई," कुंभार म्हणाला. "येवायाला सांगून आलुय."

"मला सांग," मावशी म्हणाली, "बाळंतीन सोडवताना मी कोट घालीन व्हय?"

"नाही."

"मग कुठं ठिवीन?"

"खुंटीवर."

"मग खुंटीवर काड की! कोट हाय ह्ये तर दिसलं पायजे. आंगातच दिसलं पायजे असं कुनी सांगितलंय? कामाला लागलेला मानूस कोट काडून ठिवतुयच. गाडव कोट घालून चिखुल तुडवत न्हाई."

कुंभार विचारात पडला. सगळा पार त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग तो म्हणाला, "बटनं दिसतील?"

"दिसतील," मी म्हणालो. "पाचही."

"मग येतुय उद्या. चाक घिऊन."

पुढचे दिवस मी असा रंगवत होतो की हात ब्रशाच्या पुढे पळायचा. कुंभार उघड्या पाठीने चाकावर वाकला, आणि मागे खुंटीवर, चिखल उडणार नाही इतक्या उंचावर, कोट. लोहाराचा कोट बाहेर बाभळीच्या फांदीला. टपालवाल्याचा सायकलीच्या हँडलवर. न्हाव्याने त्यावर आरसा टेकवून ठेवला. धनगराच्या कोटाच्या खिशातून कोकराने तोंड बाहेर काढलं होतं. कोकरू खिशात मावत नाही म्हणाल तर तुम्ही आबांच्या कोटाचे खिसे पाहिलेले नाहीत. मावशीने तर खुंटीचा हट्टच सोडला. तिने कोट नुकत्याच जन्मलेल्या बाळावर पांघरला, आणि त्या चित्रातलं बाळ इतकं रुबाबदार दिसतं की ते हवालदार म्हणूनच जन्मलं असावं.

अकरा झाले. उरला शेतकरी. तो म्हणून आबांनाच काढायचं होतं, पण आबा रोज टाळत होते. "माजं थोबाड कशाला? पोरं भितील." पारावरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं, हे मला माहीत होतं, मला कळलंय, हे त्यांना माहीत होतं, आणि आम्ही दोघेही बाजरीच्या भाकरीबद्दल बोलत होतो.

मार्गशीर्ष संपत आला. मी दुसऱ्या दिवशी सांगलीला निघणार, तर दुपारी आबा मळ्यातून आले. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात घामाने भिजलेली बंडी, खांद्यावर फावडं. समोर उभे राहिले.

"असंच काड," ते म्हणाले. "बसाया येळ न्हाई. पानी चालू हाय."

मी काढायला लागलो. ते ताठ उभे, पलटणीत उभे राहायचे तसे. चेहरा झाला, हात झाले, पाय झाले. मग मी विचारलं, "आबा, कोट कुठे दाखवू? बांधावर? आंब्याला टांगू?"

"कोट हाय कुठं?" आबा म्हणाले. "वरल्या आळीत लगीन हाय. सकाळी न्हेलाय."

"अहो, पण चित्रात..."

"जे न्हाई ते कशाला काडायचं? खोटं काडू नगंस." दरवर्षी एक गोळी वाढवणारा माणूस मला हे सांगत होता! मी कोट काढला नाही.

तपासनीस आले ते उंच, सडपातळ, कपाळावर कायमची आठी असलेले. हसले असते तर आठी कुठे ठेवायची हा त्यांच्यापुढे प्रश्न पडला असता. त्यांनी सांगलीतल्याच एका शाळेत तिसरीच्या वर्गात बाराही चित्रं भिंतीला लावायला लावली. मालक आणि मी दाराशी. मालकांनी तपकिरीची डबी उघडली नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

साहेबांनी छडी लोहाराच्या चित्रावर ठेवली. "हा कोण?"

"लोहार!" वर्ग ओरडला.

"लोहाराला कामाला काय काय लागतं?"

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "भाता, ऐरन, घन," तिने बोटं मोजली, "आन् कोट."

मालकांनी माझा दंड असा दाबला की तिथे आजही बोटं उमटलेली दाखवता येतील. साहेब चित्राजवळ गेले. बाभळीकडे बघितलं. मग कुंभाराच्या चित्राकडे गेले, मग धनगराच्या. मागून पोरांना खेळच सापडला. "साहेब, सायकलीवर!" "साहेब, बाळावर बगा!" "कोकरू! कोकरू!" अख्खा वर्ग बाकांवर चढून कोट शोधत होता, आणि शोधता शोधता कुणी चाक ओळखत होतं, कुणी वस्तरा, कुणी म्हणत होतं ही तर आमच्या गल्लीतली सुईण. साहेब अकरा चित्रं फिरले आणि बाराव्यासमोर थांबले.

"इथे नाही," ते म्हणाले. आणि मला त्यांच्या आवाजात चक्क तक्रार ऐकू आली. "बाकी सगळ्यांना कोट आहे. या शेतकऱ्याचा कोट कुठे गेला?"

वर्ग विचारात पडला. कुणी म्हणालं, उंदरांनी खाल्ला. कुणी म्हणालं, धुवायला टाकलाय. मग तीच मुलगी, हात वर न करता, अगदी सहज म्हणाली, "लगीन असंल कुनाचं. न्हेला असंल."

मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथा तुम्हाला आता ठाऊक झाल्या असतील तरी ही खरी आहे: साहेबांची आठी गेली. कुठे गेली कळलं नाही. त्यांनी छडी मास्तरांच्या टेबलावर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि चित्रांच्या मागे एकेक करून बारा सह्या केल्या. बाराव्या सहीच्या वेळी वाकल्या वाकल्या ते फक्त मला ऐकू जाईल असं पुटपुटले, "माझ्या लग्नात शेजाऱ्यांचा होता."

संक्रांत झाली होती. मी गावात पोचलो तर आबा गुऱ्हाळावर. काहील उकळत होती, चुलवणापुढची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेकडे आधी त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे.

"वळाखली का पोरांनी?"

"सगळी ओळखली."

"मला?"

"शेतकरी म्हणाली. आणि कोट कुठाय म्हणून विचारलं साहेबांनी."

"मग?"

"एक पोरगी म्हणाली, लग्नाला नेलाय."

आबा हसायला लागले. असे हसले की काहिलीतला रस काठावर आला आणि गुळव्याने 'आवं आबा, आवं आबा' करत झारा घातला. मग डोळे पुसत, धूर लागला म्हणत, ते झोपडीत गेले आणि कोट घेऊन आले. इस्त्री केलेला होता. गुऱ्हाळावर इस्त्री केलेला कोट कशाला आणला होता, हे मी विचारलं नाही.

"सांगलीला लागंल," ते म्हणाले आणि स्वतःच्या हाताने माझ्या अंगात घातला. "हितं चुलवणापुढं मीच बसतु. भुवया न्हाईतरी मला कशाला पायजेत?"

सांगलीच्या माझ्या खोलीत तो कोट खुंटीवर ऐटीत लटकला. नवव्या दिवशी सकाळी दार वाजलं. कुंभार उभा, धापा टाकत, हातात गुळाची ढेप.

"मास्तर, पुतन्याचं लगीन धरलंय. परवा."

मी कोट काढून दिला. त्याने तो उजेडात धरला, बटणं मोजली, बाहीवर माझ्या हातचा काजळाचा डाग होता तो थुंकी लावून पुसला. मग राहवेना म्हणून तिथेच अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला.

"कसा दिसतुय?"

पेन्सिल माझ्या कानावरच होती. "हलू नका," मी म्हणालो.